ग्रामपंचायतीचा ५ टक्के दिव्यांग निधी: ब्लँकेट वाटपाऐवजी ग्रामसभेत नेमकं काय मागायचं?

माळावरचा:
नमस्कार मंडळी. सोलापूर जिल्ह्यातलं आमचं गाव, साडेतीन हजार वस्ती. मला लहानपणी पोलिओ झाला, डाव्या पायाला कॅलिपर आहे आणि एक कुबडी लागते. गावात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, त्यामुळे यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) म्हणा, संजय गांधी निराधार म्हणा, गावातल्या जवळजवळ सगळ्या दिव्यांगांचे फॉर्म माझ्याच हातून जातात.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात हे इथे बऱ्याच जणांना माहीत असेल. आमच्याकडे मार्च संपत आला की घाईघाईत कार्यक्रम लागतो, प्रत्येकाला हजार रुपये किंवा तेवढ्याचं सामान, मग फोटो, झालं. गेल्या वर्षी ३१ जणांना ब्लँकेट आणि स्टीलचा डबा मिळाला. मीही घेतलं. पण त्या रांगेत माझ्या पुढे आठवीतली एक मुलगी होती, सेरेब्रल पाल्सी आहे तिला, आईने कडेवर घेतलेली. आठवीतली पोरगी कडेवर. आई अर्धा तास तशीच उभी होती कारण खुर्च्या सगळ्या स्टेजवर. नंबर आला, ब्लँकेट पुढे केलं आणि तिचे दोन्ही हात पोरीत अडकलेले, घेणार कशी, शेवटी मी धरलं आणि घरापर्यंत नेऊन दिलं. ती पोरगी शाळेत जाते ती आई नेते म्हणून, आई आजारी पडली की शाळा बंद. त्या दिवसापासून मला झोपताना ते ब्लँकेट अंगावर घ्यायला नको वाटतं.

आता दुसरी गोष्ट. ग्रामपंचायतीची नवीन इमारत मंजूर झालीय, अजून पाया खोदलेला नाही. नकाशा झेरॉक्सला माझ्याकडेच आला म्हणून बघायला मिळाला. खाली सरपंचांची केबिन, ग्रामसेवकांची केबिन, रेकॉर्ड रूम आणि भाड्याने द्यायला दोन गाळे. ग्रामसभेचा हॉल वरती. आत्ताच्या जुन्या इमारतीतही हॉल वरच आहे, १६ पायऱ्या. मी चढतो, दोनदा थांबून, पण चढतो. बाकीचे येतच नाहीत. म्हणजे दिव्यांग निधी कशावर खर्च करायचा हा विषय वर चर्चेला असतो आणि ज्यांचा निधी आहे ते खाली, नाहीतर घरी. आणि आता पुढची चाळीस-पन्नास वर्षं परत तसंच होणार.

२ ऑक्टोबरची ग्रामसभा येतेय. मला भांडण करायचं नाही, सरपंच चांगले आहेत, त्यांना कुणी सांगितलेलंच नाही असं मला वाटतं. पण बोलायला उभा राहिलो तर काय मागू? कायद्यात कुठे काय आहे? इतर गावांनी या ५ टक्क्यांतून काही टिकाऊ केलंय का? आणि नकाशा मंजूर झाल्यावर बदलता येतो का? जाणकारांनी सविस्तर सांगा, आमच्या तालुक्यात विचारावं असं कुणी नाही.

चावडीवाले काका:
मी ३१ वर्षं ग्रामसेवक होतो, सहा वर्षं झाली रिटायर होऊन. (आता त्या पदाचं नावही बदललं, ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात.) तुमची पोस्ट दोनदा वाचली. आम्हीही असंच वाटप केलेलं आहे, मार्चअखेर जवळ आला की खर्च दाखवायचा असतो आणि वाटप हा सगळ्यात सोपा मार्ग असतो, ऑडिटला पावत्या आणि सह्या असल्या की झालं. चुकलंच ते.

आता कामाचं. ५ टक्के हे सरकारी अनुदानावर नाहीत, वित्त आयोगाच्या पैशावर नाहीत, पंचायतीच्या स्वउत्पन्नावर आहेत. घरपट्टी, दिवाबत्ती कर, गाळाभाडं, बाजार फी, मोबाईल टॉवरचा कर असलं सगळं. ३१ जणांना हजार म्हणजे ३१,००० खर्च, उलटा हिशोब केला तर उत्पन्न सव्वासहा लाखांच्या आसपास धरलंय. साडेतीन हजार वस्तीच्या गावाला गाळे आणि टॉवर असतील तर हे कमी वाटतं. सगळं उत्पन्न मोजलंय की नुसती घरपट्टीची वसुली, ते बघा. नमुना १ म्हणजे अंदाजपत्रक, त्याची प्रत मागा. दिली तर उत्तम, नाही दिली तर १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पण तुम्ही म्हणता सरपंच चांगले आहेत, मग आधी तोंडी मागा, अर्ज टाकला की माणसं उगाच बिथरतात.

दुसरं, खर्चाच्या यादीत वैयक्तिक लाभ आणि सामूहिक कामं दोन्ही बसतात. नुसतं वाटपच करा असं कुठेही लिहिलेलं नाही.

तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. ग्रामसभेत ऐनवेळी उभं राहून बोललात तर "विषय आयत्या वेळचा" म्हणून शेवटी ढकलतील, तोवर लोक उठून गेलेले असतात. नोटीस निघायच्या आधी लेखी अर्ज द्या की हा विषय विषयपत्रिकेवर घ्या, आणि पोच घ्या, सही शिक्का तारखेसकट. ठरावाला सूचक अनुमोदक आधीच ठरवून ठेवा, अनुमोदक शक्यतो दिव्यांग नसलेला आणि गावात वजन असलेला माणूस बघा. ठराव प्रोसिडिंगला, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, लिहिला गेला का ते तिथेच वाचून घ्या. तोंडी "हो हो करू" म्हणजे काही नाही.

आणि एक कल्पना. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, कायद्यातच आहे, का तर भरल्या सभेत बायका बोलत नाहीत म्हणून. तशीच दिव्यांगांची बैठक ग्रामसभेच्या आधी घ्यावी असा ठराव करून घ्या. खाली, शाळेच्या व्हरांड्यात, किंवा देवळाच्या पारावर. तिथे जे ठरेल ते ग्रामसभेपुढे यावं. याला एक रुपया लागत नाही. पुढच्या वर्षाच्या विकास आराखड्याचं काम ऑक्टोबरातच सुरू होतं, त्यामुळे तुमची वेळ अगदी बरोबर आहे, जानेवारीत गेलात तर "आराखडा झाला आता" हे ऐकायला मिळेल.

भीमाकाठ:
माफ करा पण मला वेगळं म्हणायचंय. माझे वडील दोन्ही पायांनी अधू आहेत, वय ६८. ग्रामपंचायतीचे ते हजार रुपये वर्षातून एकदा येतात आणि त्यातून त्यांच्या दोन महिन्यांच्या गोळ्या येतात. आमच्या गावात एकाने असंच पुढाकार घेऊन वाटप बंद करायला लावलं, म्हणे रॅम्प बांधू, आणि रॅम्प बांधला तो शाळेला, माझे वडील शाळेत जाणारेत का. ते पैसेही गेले आणि वडिलांना काही मिळालं नाही. तुमचा हेतू चांगला आहे, मला दिसतंय, पण ज्याच्या घरात खरंच चणचण आहे त्याला विचारल्याशिवाय त्याचे हजार रुपये बंद करू नका. तुमचं दुकान आहे, तुम्ही कमावता.

माळावरचा:
भीमाकाठ, तुमचं बरोबर आहे आणि हे मी धरलं नव्हतं. आमच्या यादीतही पाच-सहा घरं अशी आहेत. मी "वाटप बंद करा" असंच लिहून काढलं होतं मसुद्यात, ते खोडतो. पण मग ३१ हजारात वाटपही आणि कामंही कशी बसणार, कुणी सांगेल का?

सिमेंट_वाळू:
मी स्थापत्य अभियंता, नाशिकला असते, सरकारी इमारतींची बरीच कामं केलीत. माळावरचा दादा, तुमच्या त्या ३१ हजारांना हात लावायची गरजच नाही, निदान इमारतीसाठी तरी नाही. रॅम्प हा इमारतीचा भाग आहे, जसा जिना, जशी दारं. जिन्याचा खर्च कुणी वेगळ्या निधीतून मागतं का? तो इमारतीच्याच एस्टिमेटमध्ये यायला हवा.

मला नेहमी हेच खटकतं की ५ टक्के दिव्यांगांचे म्हणता म्हणता उरलेल्या ९५ टक्क्यांत ते नाहीतच असं सगळे धरून चालतात. रस्ता, दवाखाना, शाळा, पाणी, यातही ते गावकरीच आहेत ना.

कायदा सांगते. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, १९ एप्रिल २०१७ पासून लागू. कलम ४४ म्हणतं की सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सहज येता-वापरता यावं याचे, नियम पाळलेले नसतील तर इमारतीच्या नकाशाला परवानगी द्यायची नाही आणि पूर्णत्वाचा दाखलाही द्यायचा नाही. कलम ४५ जुन्या सार्वजनिक इमारतींबद्दल आहे, नियम निघाल्यापासून पाच वर्षांत त्या सुगम्य करायच्या होत्या, नियम जून २०१७ मध्ये निघाले, म्हणजे ती मुदत २०२२ मध्येच संपली. आणि ८ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने राजीव रतुरी प्रकरणात आणखी पुढचं सांगितलं. रतुरी स्वतः दृष्टिहीन, त्यांनी २००५ मध्ये याचिका केली होती. कोर्ट म्हणालं की केंद्राचा नियम १५ नुसता मार्गदर्शक सूचनांसारखा आहे, कायदा मात्र सक्तीची भाषा बोलतो, म्हणून तो नियम कायद्याशी विसंगत, तीन महिन्यांत सक्तीचे मापदंड करा. याचिका २००५ ची आणि हा निकाल २०२४ चा, एकोणीस वर्षं. तेवढ्यात किती इमारती वर हॉल काढून बांधून झाल्या असतील.

आता तुमचा नकाशा. पाया खोदलेला नाही म्हणताय तर हीच वेळ. हॉल खाली आणा, रेकॉर्ड रूम आणि एक केबिन वर टाका. रोज लागणारं टेबल, म्हणजे दाखले, घरपट्टी, ते खालीच राहू दे. गाळ्यांमुळे जागा पुरत नसेल तर दोनाऐवजी एक गाळा. खर्चात फार फरक पडत नाही, कधी कधी कमीच होतो, कारण मोठ्या हॉलचा भार वरच्या स्लॅबवर येत नाही. सुधारित नकाशा तांत्रिक मंजुरीला परत पाठवावा लागेल, पंचायत समितीच्या शाखा अभियंत्यांना भेटा, काम सुरू व्हायच्या आधी हे होतं, नंतर कुणी ऐकत नाही.

रॅम्पचं मात्र डोळ्यात तेल घालून बघा. १ ला १२ चा उतार, म्हणजे जोतं दोन फूट उंच असेल तर रॅम्प २४ फूट लांब, वर मध्ये सपाट टप्पा वेगळा. लोक सहा फुटात उरकतात, त्यावरून मोटरसायकल चढते, व्हीलचेअर मागे पलटी होते, आणि उद्घाटनाच्या फोटोत ते दिसत नाही. रुंदी निदान चार फूट, दोन्ही बाजूंना धरायला रेलिंग, फरशी खरखरीत, ग्रॅनाइट अजिबात नको, पावसात तुमची कुबडी त्याच्यावर एक क्षण टिकणार नाही. रॅम्प जिथे सुरू होतो तिथपर्यंत रस्त्यापासून पक्कं असू दे, चिखलातून रॅम्प सुरू होत असेल तर काय उपयोग. दार तीन फूट, उंबरा नको. संडासचं दार बाहेर उघडणारं, आत वळायला पाच फूट जागा, आणि धरायला दांड्या. हे संडास नंतर झाडू-बादल्या ठेवायला वापरतात आणि कुलूप लावतात, ते होऊ देऊ नका. पाहिजे तर मी नकाशावर खुणा करून देईन, मेसेज करा.

ऐकून_वाचते:
सिमेंट_वाळू ताईंशी शंभर टक्के सहमत. मी पूर्ण दृष्टिहीन आहे, पुण्यात बँकेत नोकरी करते, माहेर खेड्यातलं. एक विनंती, अपंगत्व म्हणजे पाय एवढंच धरू नका. दादा, तुमच्या यादीतल्या ३१ जणांत ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही असे किती? त्यांच्यासाठी हॉल खाली आला तरी ग्रामसभा वरच राहते.

माझ्या वडिलांच्या गावचं सांगते. ग्रामसभेची नोटीस फळ्यावर लावतात आणि तिचा फोटो काढून गावच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकतात. फोटो माझा फोन वाचत नाही. टॉकबॅक, म्हणजे फोनमधला वाचून दाखवणारा आवाज, फक्त "इमेज" म्हणतो, बास. तीच नोटीस टाईप करून टाकली तर मला स्वतःला वाचता येते, कुणाला विचारावं लागत नाही. यात कष्ट किती? नोटीस मुळात कम्प्युटरवर टाईप केलेलीच असते. आणि ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी घंटागाडीच्या स्पीकरवर आदल्या दिवशी सांगायचं, पूर्वी दवंडी होतीच की. आमच्या आजीला मोतीबिंदूमुळे शेवटी काहीच दिसायचं नाही, पण दवंडीमुळे गावात काय चाललंय ते तिला आमच्याआधी कळायचं.

ज्यांना ऐकू येत नाही त्यांचं उलटं. सभेत काय विषय चाललाय ते कुणीतरी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहीत राहायचं. तालुक्याला मूकबधिर शाळा असेल तर तिथल्या शिक्षकांना येण्याजाण्याचं भाडं देऊन बोलवा, खुणांच्या भाषेत सांगतील, आणि हा खर्च त्या ५ टक्क्यांतून आरामात बसतो, पाचशे-हजार रुपये. घरातलं माणूस खुणा करतं ते चालतं म्हणतात लोक, पण घरातलं माणूस त्याला पाहिजे तेवढंच सांगतं. हे मी अनुभवाने सांगतेय, माझ्या वतीने बोलणारे नातेवाईक मला लहानपणापासून भरपूर भेटलेत.

तुमचं ऑनलाइनचं दुकान आहे म्हणून अजून एक. ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टाने प्रज्ञा प्रसून प्रकरणात सांगितलंय की डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवणं, करताना डोळे मिचकवा म्हणतात ना, ॲसिड हल्ल्यात पापण्या गेलेल्या बायकांना ते जमत नव्हतं, आम्हालाही कॅमेऱ्यासमोर चेहरा नेमका कुठे धरायचा कळत नाही, त्यावरून ही केस झाली. तेव्हा कुणी "केवायसी झाली नाही तर पैसे बंद" म्हणालं तर गप्प बसू नका, दुसरा मार्ग द्या म्हणा.

सतराचा_मुलगा:
मी आई आहे, मुलगा १७ वर्षांचा, बौद्धिक अक्षमता. बीड जिल्हा. मला एवढंच सांगायचंय की तुमची ३१ ची यादी अर्धवट असणार. २०११ च्या जनगणनेत देशात २.२१ टक्के अपंग मोजले होते, त्या हिशोबाने तुमच्या साडेतीन हजारांत ७५ च्या पुढे भरतात. आणि तेव्हा आठच प्रकार विचारले होते, आता कायद्यात २१ आहेत, सिकलसेल, थॅलेसेमिया, पार्किन्सन, ॲसिड हल्ला सगळं आलंय. बाकीचे कुठे आहेत? घरात आहेत. सर्टिफिकेट नाही म्हणून यादीत नाहीत.

माझ्या मुलाच्या सर्टिफिकेटला आम्हाला चार खेपा पडल्या. आमच्याकडे तपासणी करणाऱ्या डॉक्टरांचं बोर्ड ठरलेल्या दिवशीच बसतं, पहिल्यांदा गेलो तेव्हा बुद्ध्यांक चाचणी करणारे रजेवर, दुसऱ्यांदा मशीन बंद, तिसऱ्यांदा मुलगा इतका दमला गर्दीत की ओरडायला लागला आणि लोक बघायला लागले, मी त्याला घेऊन परत आले, बसमध्ये रडले. दर खेपेला मजुरी बुडायची ती वेगळी. चौथ्या वेळी गावच्या आशाताई सोबत आल्या, त्यांनी डॉक्टरांना आधी फोन करून ठेवला होता, दोन तासांत काम झालं.

म्हणून मी म्हणते, ५ टक्क्यांतून वर्षातून दोनदा एक जीप करा. आठ-दहा जणांना एकदम जिल्ह्याला न्या, आधी वेळ ठरवून, सोबत आशाताई. भाडं, चहा, जेवण धरून एका खेपेला चार-पाच हजार. ते सर्टिफिकेट आलं की पेन्शन येते, एसटीची सवलत येते, शाळेत सोय मागता येते. आमच्या मुलांसाठी केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टचा निरामय आरोग्य विमा आहे, एक लाखापर्यंतचा, तो पण आधी सर्टिफिकेटच मागतो. भीमाकाठ भाऊ, तुमच्या वडिलांची पेन्शन चालू आहे ना? नसेल तर आधी ते करा, गोळ्या वर्षातून एकदाच्या हजारावर नको राहायला.

कंपालाहून:
मूळचा सांगलीचा, सहा वर्षं युगांडात कंपालाला नोकरी करतोय. वाचून राहवलं नाही. इथे १९९७ च्या स्थानिक सरकार कायद्यापासून जिल्हा आणि त्याखालच्या कौन्सिलांमध्ये दिव्यांगांच्या दोन जागा राखीव आहेत, त्यातली एक बाईची असावीच लागते. संसदेतही पाच खासदार दिव्यांगांचे प्रतिनिधी म्हणून निवडून जातात. आपल्यापेक्षा गरीब देश आहे हा, रस्ते आपल्या खेड्यांसारखेच, पण माझ्या कामाच्या निमित्ताने मी एका कौन्सिलच्या बैठकीला बसलो होतो तिथे एक व्हीलचेअरवरच्या बाई दवाखान्याच्या बजेटवर बोलत होत्या. अपंगांच्या बजेटवर नाही, गावाच्या दवाखान्याच्या. प्रसूतीचं टेबल खाली-वर होणारं घ्या, मला चार माणसांनी उचलून ठेवावं लागलं होतं, असं म्हणाल्या. बाकी सगळे ऐकत होते. आपल्याकडे मी असं कधी बघितलं नव्हतं.

सगळं गोड आहे असं नाही, जागा आहे पण दुभाष्याला पैसे नाहीत, प्रतिनिधी आहे पण हातात निधी नाही, अशा तक्रारी इथले दिव्यांग स्वतःच करतात. तरी खुर्ची आहे. आपल्याकडे तामिळनाडूने २०२५ मध्ये कायदा बदलून ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत दिव्यांगांना सदस्य म्हणून नेमायची सोय केली, निवडणूक नाही, नेमणूक आहे. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी वेगळा विभागच काढला, ती मोठी गोष्ट आहे, पण ग्रामपंचायतीच्या टेबलाशी आपला माणूस अजून नाही. तुम्हाला कायदा बदलता येणार नाही, पण चावडीवाले काका म्हणाले ती आधीची बैठक आणि तिथून आलेला माणूस मासिक सभेला निमंत्रित म्हणून बसवा, एवढा ठराव तर गाव करू शकतं.

चावडीवाले काका:
निमंत्रित म्हणून बसवता येतं, मत देता येणार नाही, बोलता येतं. आणि माळावरचा, इमारतीच्या बाबतीत ऐकलंच नाही तर शेवटचा रस्ता पुण्याचा, राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे लेखी तक्रार. त्यांनी शिफारस केली की संबंधित कार्यालयाला तीन महिन्यांत काय केलं ते कळवावं लागतं, कलम ८१. पण तिथपर्यंत जायची वेळ येऊ नये, गावात राहायचंय आपल्याला.

भीमाकाठ:
@सतराचा_मुलगा ताई, पेन्शनचं चालू आहे पण मध्ये सहा महिने बंद पडली होती केवायसीवरून. जीपची कल्पना पटली. आमच्या गावातही मांडतो. माळावरचा दादा, मी रागात लिहिलं होतं, मनावर घेऊ नका.

माळावरचा:
भीमाकाठ, उलट तुमच्यामुळे अर्ज सुधारला. काल त्या मुलीच्या घरी गेलो होतो, तिच्या आईला विचारलं काय मागू. मला वाटलं व्हीलचेअर म्हणेल. ती म्हणाली व्हीलचेअर आहे, शिबिरात मिळालेली, पोत्याखाली पडलीय, घरापासून डांबरी रस्त्यापर्यंतचा दीडशे फुटांचा बोळ खडीचा आहे, चाक फिरतच नाही. दीडशे फूट. तीन वर्षं मी तिचे फॉर्म भरतोय आणि हे मला माहीत नव्हतं. शाळा त्याच रस्त्यावर सरळ आहे.

अर्ज असा लिहिलाय, फोटो न टाकता टाईप करून टाकतोय:

प्रति, मा. सरपंच / ग्रामपंचायत अधिकारी. विषय: २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर खालील विषय घेणेबाबत. एक, नवीन इमारतीत ग्रामसभेचा हॉल तळमजल्यावर घ्यावा, रॅम्प १ ला १२ उताराचा व संडास सुगम्य असावा, त्याप्रमाणे सुधारित नकाशा पाठवावा, खर्च इमारतीच्याच अंदाजपत्रकातून. दोन, तोपर्यंत सर्व ग्रामसभा शाळेच्या पटांगणात घ्याव्यात. तीन, दरवेळी ग्रामसभेआधी ४० टक्के व त्यापुढील अपंगत्व असलेल्या ग्रामस्थांची बैठक घ्यावी, ५ टक्के निधीचा खर्च तिथे ठरावा, त्यातला एक पुरुष व एक स्त्री मासिक सभेस निमंत्रित असावेत. चार, ज्या कुटुंबांना रोख मदतीची गरज आहे त्यांची मदत चालू ठेवावी. पाच, उरलेल्या निधीतून वर्षातून दोनदा प्रमाणपत्रासाठी वाहन करावं. सहा, ग्रामसभेची नोटीस टाईप केलेल्या मजकुरात ग्रुपवर टाकावी व स्पीकरवर सांगावी. सात, वस्तीतील बोळ ते डांबरी रस्ता हा १५० फुटांचा काँक्रीट रस्ता पुढील आराखड्यात पहिल्या क्रमांकाने घ्यावा, गावाच्या रस्त्यांच्या पैशातून.

अनुमोदक म्हणून दूध डेअरीचे चेअरमन तयार झालेत. काही राहिलं असेल तर आजच सांगा, उद्या सकाळी अर्ज देतो.

ऐकून_वाचते:
फोनने सगळा अर्ज वाचून दाखवला, एकही शब्द अडला नाही. तिसऱ्या मुद्द्यातलं "४० टक्के व त्यापुढील" काढा दादा. योजनेचा लाभ द्यायला टक्के लागतात ते ठीक आहे, बैठकीला बोलवायला कशाला? ते ठेवलंत तर ज्यांचं सर्टिफिकेट अजून झालेलं नाही ते चाळीसजण परत घरीच राहतील. आणि बैठकीची वेळ सकाळची ठेवा, संध्याकाळी सातनंतर मला एकटीने यायचं असतं तर मी आले नसते.